फळीवरचा बिल्डर

"वजन कुठंय?" असं विचारत ताई समोरच्या माणसाच्या खांद्याला एक बोट लावायच्या. ढकलायच्या नाहीत, नुसतं लावायच्या. माणूस कसा डुलतो ते बघायच्या आणि स्वतःशीच मान हलवायच्या. नोएडातल्या आमच्या कंपनीत मी नवा लागलो तेव्हा मला वाटलं, बाई माझं वजन विचारतायत. मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "किती ते नाही विचारलं, कुठंय ते विचारलं. तुझं सगळं टाचांत आहे. घरून भांडून आलायस का?"

मी खरंच भांडून आलो होतो. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला समजून घ्याल.

आमची कंपनी वजनाचे पुतळे बनवते. कपड्यांच्या दुकानात उभे असतात ते नव्हे, ते आतून पोकळ. आमचे पुतळे खऱ्या माणसाएवढे जड असतात. आगीच्या बंबावरची माणसं ते खांद्यावर टाकून जिने उतरायचा सराव करतात, नर्सिंगच्या मुली त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला शिकतात, झोपाळे आणि खुर्च्या बनवणारे त्यांना बसवून बघतात. सगळे त्यांना डमी म्हणतात. आता नुसतं एकूण वजन जुळवायचं तर कोणीही जुळवेल, वाळू भरा आणि काटा बघा. पण डोक्यात किती, छातीत किती, मांड्यांत किती, आणि हे सगळं मिळून तोल नेमका कुठे येतो, हे जुळलं नाही तर पुतळा माणसासारखा पडत नाही, पोत्यासारखा पडतो. ते जुळवण्याचं खातं ताईंचं. शाळेत आपण गुरुत्वमध्य म्हणून जे पाठ केलं, तेच हे. ताई तो शब्द कधी वापरायच्या नाहीत. बेंबीखाली हात ठेवून "हे इथे" म्हणायच्या.

त्यासाठी त्यांच्याकडे एक फळी होती. माणूस झोपेल एवढी लांब, एक टोक टेकूवर, दुसरं वजनकाट्यावर. तुम्ही तिच्यावर आडवे झालात की काट्यावर जो आकडा येतो त्यावरून तुमचा तोल डोक्यापासून किती लांब आहे ते निघतं. कंपनीत नवीन कोणीही आलं, अगदी हिशेब बघणारा आला तरी, त्याला बूट काढून फळीवर झोपावं लागायचं. मग ताई फळीवर खडूने रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता तू आमचा झालास." त्यानंतर चहा. मालक सरदारजी होते, ते स्वतःसुद्धा फळीवर आडवे होऊन गेले होते.

ताई बुटक्या, रुंद, केसांचा घट्ट अंबाडा. थंडीत मोज्यांवर चपला घालायच्या आणि त्याची कोणी थट्टा केली तर त्याच्या डब्यातली भाजी उचलायच्या. आम्ही दोघेच ऑफिसात मराठी, म्हणून त्या मला अरे-तुरे करायच्या आणि मी त्यांना ताई म्हणायचो. बाकीच्यांच्या त्या मॅडम. मेट्रोत माझ्याबरोबर बॉटॅनिकल गार्डनपर्यंत असायच्या आणि सगळा डबा न्याहाळायच्या. "तो बघ, एका पायावर संसार. ती बघ, पाठीवर पोराचं दप्तर आहे म्हणून छाती पुढे काढून चाललीय, लोकांना वाटतं तोरा आहे." तुम्हीही एकदा असं बघून बघा. माणसं वेगळी दिसायला लागतात.

त्यांची एकच गोष्ट मला सुरुवातीला खटकायची. त्या माफ करायच्या नाहीत. माझा राग येतो आणि जातो. ताईंचा येताना दिसायचा नाही, आणि जायचा तर नाहीच. कँटीनवाल्याने एकदा त्यांना गार चहा दिला आणि वर "गरम ही है मॅडम" म्हणाला. तर ताई त्याच्याकडचा चहा घ्यायच्या, त्याच्यासमोर बोट बुडवून बघायच्या आणि मगच प्यायच्या. रोज. तो माणूस रडकुंडीला आला. मी म्हटलं, "ताई, जाऊ द्या ना आता." त्या म्हणाल्या, "त्याने गार चहा दिला ते मी कधीच सोडलं. गरम आहे म्हणाला, ते नाही सोडणार."

आणखी एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचे पुतळे पूर्वी सगळे पुरुषांचे. एका दवाखान्याला गरोदर बाईचा पुतळा हवा होता. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, "मर्दवाला ही ले लो, पेट पे थोड़ा रेत बाँध दो." ताई कामाला लागल्या. त्यांनी एक जाकीट शिवलं, पोटाशी वजन, छातीशी वजन, सगळं आठव्या महिन्याचं. आणि मॅनेजरना म्हणाल्या, सर, तुम्हीच घालून बघा, रेत बरोबर बांधलीय का. मालकांसमोर म्हणाल्या, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. दिवसभर घालायला लावलं. दुपारी तो खाली पडलेलं पेन उचलायला वाकला आणि तसाच राहिला, कमरेत उसण भरली. ताईंनी पेन उचलून त्याच्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "सर, अब वज़न कहाँ है?" गरोदर बाईचा पुतळा मग रीतसर मंजूर झाला.

ही त्यांची पद्धत. ज्याने जे म्हटलं ते त्याच्याच अंगावर चढवायचं.

आता जे झालं ते सांगतो.

ताई नोएडातच एका मोठ्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहायच्या. नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, एका वृत्तवाहिनीत कामाला होते. उंच, शांत, जिना उतरतानाही वाकून उतरतील असा माणूस. त्या वर्षी त्यांची नोकरी गेली. मुलगी कॉलेजात होती, तिला पुण्याला हॉस्टेलला जायचं होतं. एका सकाळी त्यावरून बापलेकीची वादावादी झाली. भाऊजी म्हणाले, या वर्षी नाही जमणार. ती म्हणाली, तुमच्याने काहीच जमत नाही. ताट तसंच टाकून ती निघून गेली. ताई स्वयंपाकघरात होत्या. भाऊजी बाल्कनीत गेले, तिला वरून हाक मारायला. "चिमणे," अशी एक हाक ताईंनी पुरती ऐकली. दुसरी अर्धीच ऐकली.

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरून गेलं होतं. नोकरी गेली होती, घरात भांडण झालं होतं, उडी मारली. तीन वाक्यांत माणूस संपवला. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली खाली.

तिसऱ्या दिवशी बिल्डर आला. पांढरा कुर्ता, वर जाकीट, हातात फुलं. ताईंसमोर हात जोडून बसला. बरोबर त्याचा इंजिनिअर होता. तो बाल्कनीत गेला, फरशीपासून रेलिंगपर्यंत टेप लावला, फोटो काढले. आत येऊन हळू आवाजात म्हणाला, बरोबर आहे, नियमाप्रमाणे आहे. मग बिल्डर उठला आणि जाता जाता दारात उभ्या असलेल्या लोकांना म्हणाला, "इतनी ऊँची रेलिंग से आदमी गिरता नहीं. चढ़ना पड़ता है."

मी तिथे होतो. माझ्या हाताला धरून कोणीतरी मला मागे ओढलं म्हणून बरं, नाहीतर ती फुलं मी त्याच्या तोंडात कोंबली असती. ताई मात्र नुसत्या बघत होत्या. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या पोटाकडे. मला तेव्हा वाटलं, बाईचं भान हरपलंय.

पोलिसांनीही तेच मानलं. रेलिंगवरून माणूस आपोआप जाऊ शकत नाही, म्हणजे चढला, म्हणजे उडी. आणि घरात मुलीनेही तेच मानलं. ताईंनी तिला हाकेचं सांगितलं, दहादा सांगितलं. ती म्हणायची, "आई, मला बरं वाटावं म्हणून तू बनवून सांगतेस." ती तेव्हा फाटकापाशी पोचली होती, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिने कॉलेज सोडलं, जेवण निम्मं केलं, बोलणं तर जवळजवळ बंदच.

"ती मला खोटारडी समजते ते मी सहन करीन," ताई एकदा मेट्रोत मला म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. "पण तिला वाटतंय बापाला तिने मारलं. आणि हे तिच्या डोक्यात कोणी घातलं? त्याने. दारात उभं राहून. एका वाक्यात. ते वाक्य मी त्याच्याकडून परत घेणार आहे."

"कोर्टात खेचा हरामखोराला," मी म्हटलं.

"खेचीन. पण कोर्टात त्याचा वकील बोलेल. मला हाच बोलायला हवा."

ताईंनी आधी भाऊजींचा पुतळा केला. कामाचे तास संपले की करायच्या, मालकांनी काही विचारलं नाही. मापं कुठली आणणार, तर जुन्या पँटी, शर्ट, डॉक्टरकडची उंची. बाकी त्यांना पाठ होतं. उजवा खांदा थोडा खाली, मांड्या बारीक, वजन सगळं वर. "उंच माणसाचं असंच असतं, तोल लोकांच्या बरगडीशी येईल एवढा उंच," त्या वाळू चाळता चाळता मला समजावत होत्या, जणू कोणा परक्याचं काम आहे.

आणि याच वेळी त्यांच्या लक्षात आलं ते इंजिनिअरच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या बाल्कनीत रेलिंगच्या पायाशी एक कट्टा होता. वीतभर उंच, वर काळा ग्रॅनाइट, शोभेचा. कुंड्या ठेवायला म्हणून सगळ्या घरांना दिलेला. इंजिनिअरने टेप फरशीपासून लावला होता. "पण खाली बघणारा माणूस फरशीवर उभा राहतच नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या घरात कोणीही खाली डोकावलं की पाय आपोआप कट्ट्यावर जातो. माझा जातो, कामवालीचा जातो. तिथून माप घे. रेलिंग मांडीला लागतं."

कंपनीच्या आवारात चाचणीसाठी एक उंच चौथरा आहे, खाली जाळी. तिथे ताईंनी तसंच रेलिंग आणि तसाच कट्टा करून घेतला. पुतळा कट्ट्यावर उभा केला, एक हात बाहेर, हाक मारताना जसा जातो तसा. मी मागून धरून होतो. "सोड," त्या म्हणाल्या. मी सोडला. पुतळा क्षणभर उभा राहिला आणि मग इतका सावकाश, इतका भाऊजींसारखा पुढे कलला की मी एक पाऊल मागे सरलो. त्याचे पाय उचलले गेले आणि त्याच क्षणी ताईंनी झडप घालून त्याचा पट्टा धरला. एवढ्या वजनाला एकटीने धरून ठेवलं. मी धावलो, दोघांनी आत ओढला. ताई खाली बसल्या, पुतळ्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी दुसरीकडे बघत होतो.

उठल्यावर म्हणाल्या, "याला मी परत नाही लोटणार. कोणाला लोटूही देणार नाही."

तरी आम्ही त्या चाचणीचं आवारातल्या कॅमेऱ्यात झालेलं चित्रीकरण बिल्डरच्या ऑफिसात नेऊन दाखवलं. तिथे तोच इंजिनिअर होता. तो सगळं बघून गोड हसला. म्हणाला, मॅडम, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण पुतळा तुम्हीच बनवला. वजन तुम्हीच भरलं. वर जास्त भरलं तर पडणारच. घरच्या माणसाने बनवलेला पुतळा कोण मानेल?

लिफ्टमधून खाली येताना मी तोंडात येईल ते बोलत होतो. ताई मजल्यांचे आकडे बघत होत्या. तळमजल्यावर आल्यावर म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. घरच्या माणसाचा पुतळा नको. असा हवा की त्याचं वजन चुकीचं भरलंय, असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही."

मला कळलं नाही. दोन महिन्यांनी कळलं.

ग्रेटर नोएडाला बांधकामाच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं, आजूबाजूचे झाडून सगळे बिल्डर तिथे येतात. आमच्या कंपनीचा तिथे गाळा असतो. त्या वर्षी ताईंनी फळी तिथे नेली आणि वर पाटी लावली, "आपका वज़न कहाँ है? लेटिए और जानिए." माणसांना असल्या गोष्टींचं फार. रांग लागली. टाय लावलेले, सफारीतले, सगळे बूट काढून आडवे होत होते आणि बायकांना फोटो पाठवत होते. ताई प्रत्येकाची खांदा, कंबर, मांडी अशी मापं घेऊन त्याला त्याचं चित्र काढून द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी तो बिल्डर आला. मागे चारपाच चमचे. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. मंडळी, हा माणूस त्यांच्या घरी येऊन गेला होता. त्यांच्यासमोर हात जोडून बसला होता. आणि त्याने त्यांना ओळखलं नाही.

"क्या चल रहा है भाई?" म्हणाला.

"सर, हम स्टँडर्ड इंडियन जंटलमन की डमी बना रहे हैं," ताई म्हणाल्या. "आपके जैसा फिगर मिलता नहीं."

चमचे हसले, तोही खूष झाला. बूट काढले, जाकीट काढलं आणि झोपला फळीवर. पोट वर आलं. ताई टेप घेऊन त्याच्याभोवती फिरत होत्या, कुठे घाई नाही. "साँस छोड़िए सर. हाथ बाजू में. बहुत बढ़िया." गळ्याचा घेर, दंड, पोटरी, एकही माप सोडलं नाही. शेवटी काट्यावरचा आकडा बघितला, फळीवर खडूने रेघ ओढली आणि त्याला हात देऊन उठवलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, माझा तोल एकदम बरोबर आहे ना? ताई म्हणाल्या, "बिल्कुल सर. जहाँ होना चाहिए वहीं है." आमच्या मालकांनी सगळी मापं बघून खाली सही केली, आणि त्या चमच्यांनी सगळ्याचे व्हिडिओ काढून बिल्डरच्याच फेसबुक पेजवर टाकले. त्याहून चांगला पुरावा मागून मिळाला नसता.

तो पुतळा करताना ताई गाणं गुणगुणायच्या. मी खोटं सांगत नाही. पोटातली वाळू भरताना तर दोनदा ओतून पुन्हा भरली, कमीजास्त नको म्हणून.

ताईंचं ऐकून सोसायटीतल्या लोकांना हळूहळू कट्ट्याची धास्ती वाटायला लागली होती. घरोघरी लहान मुलं, म्हातारी माणसं. त्यांनी बिल्डरला बोलावलं, रेलिंगची उघड चाचणी करू म्हणून. तो आनंदाने आला. क्लबहाउसच्या पहिल्या मजल्यावर अगदी तशीच बाल्कनी होती, तसाच कट्टा. खाली हिरवळीवर जिमच्या गाद्या टाकल्या. रविवारची सकाळ, थंडीचं ऊन, निम्मी सोसायटी जमलेली. ताईंची मुलगी आली नाही. "पुतळे बघायला मी येणार नाही," म्हणाली.

ताईंनी पुतळ्यावरची चादर काढली. पांढरा कुर्ता, वर जाकीट. पुतळ्याला चेहरा नव्हता, पण पोरंसुद्धा हसायला लागली. बिल्डरही हसला. "अरे, ये तो हम हैं."

"आप ही हैं," ताई म्हणाल्या. "आप खुद लेटे थे. वीडियो आपके पेज पर है. वज़न पर किसी को शक?"

कोणालाच नव्हता. इंजिनिअरचा चेहरा तेवढा उतरला. ताईंनी त्यालाच पुतळा उभा करायला सांगितला. त्याने मुद्दाम फरशीवर उभा केला, रेलिंगवर ओणवा केला. पुतळा ढिम्म हलला नाही. इंजिनिअरने सुटकेचा निःश्वास टाकला. बिल्डरने लोकांकडे बघून हात पसरले, बघा, मी काय म्हणत होतो.

"ठीक है," ताई म्हणाल्या. "सर, एक काम कीजिए. नीचे आपका ड्रायव्हर खड़ा है. ज़रा उसको आवाज़ दीजिए."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो रेलिंगपाशी गेला. ड्रायव्हर अगदी खाली भिंतीला टेकून उभा होता, नीट दिसत नव्हता. आणि सगळ्या सोसायटीने बघितलं, त्याचा उजवा पाय आपोआप कट्ट्यावर गेला. मग डावा. तो वाकला, हात बाहेर काढला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"वहीं रुकिए," ताई म्हणाल्या.

तो थांबला. रेलिंग त्याच्या मांडीला लागलं होतं. पोट केव्हाच पलीकडे गेलं होतं. त्याने खाली बघितलं, मग आपल्या पायांकडे बघितलं. दोन्ही हातांनी रेलिंग धरून तो मागे सरला, चाचपडत, म्हातारा उतरतो तसा. खरं सांगू, ताईंनी त्याला थांबवलं याचं मला क्षणभर वाईट वाटलं. पहिलाच मजला होता. खाली गाद्याही होत्या.

मग इंजिनिअरला त्यांनी पुतळा तसाच उभा करायला लावला. कट्ट्यावर पाय, हात बाहेर. "छोड़िए." त्याने सोडला. पांढऱ्या कुर्त्यातला तो पुतळा पुढे कलला, पाय वर गेले आणि तो डोक्याकडून खाली गेला. गादीवर आपटल्याचा आवाज झाला तो माझ्या अजून लक्षात आहे. कोणी हसलं नाही. बिल्डरने नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला होता.

इंजिनिअर चिवट. म्हणाला, मॅडम, यानं एवढंच कळतं की ते पडू शकत होते. पडलेच, हे कुठे कळतं?

"नाही कळत," ताई म्हणाल्या. घाईत त्या मराठीतच बोलल्या, मग हिंदीत आल्या. "पर आपके पास एक ही बात थी, कि आदमी गिर नहीं सकता. वो अब आपके पास नहीं है."

नंतर चक्रं फिरली. सगळी घरं एक झाली, तक्रारी करायच्या ठरल्या. बिल्डरने कट्टे तोडून द्यायचं कबूल केलं, रेलिंग उंच करायचं कबूल केलं. ताईंकडे माणसं पाठवली, काय हवं ते सांगा म्हणून. ताईंनी सांगितलं, त्याने दारात उभं राहून लोकांसमोर जे म्हटलं, ते लोकांसमोरच परत घ्यायचं. त्याचा वकील म्हणाला, लेखी काही देणार नाही. ताई म्हणाल्या, कागद नकोच. तोंडाने बोलायचं. वकील म्हणाला, माइक नाही, मोबाइल नाहीत. त्या म्हणाल्या, चालेल.

त्या बिल्डरचा पुतळा अजून आमच्याकडे आहे. कुठलंही नवं रेलिंग तपासायला आलं की आधी त्यालाच लोटतात, आणि ते काम मी दुसऱ्याला देत नाही. भाऊजींचा पुतळा ताईंनी स्वतः उसवला, वाळू बागेत ओतली, कपडे धुऊन घडी करून घरी नेले. वर्षभराने त्या मुलीला घेऊन नाशिकला गेल्या. फळी कंपनीत आहे, पण नव्या माणसाला झोपवून बघायचं आता कोणाच्या मनात येत नाही. ताई आठवल्या की मला दर वेळी आठवते ती सोसायटीच्या हॉलमधली सभा.

हॉल भरला होता. लोक पुढे दाटीवाटीने बसले होते, मागच्या खुर्च्या रिकाम्या. बिल्डर उभा राहिला. तेच जाकीट. ताई पहिल्या रांगेत, त्याच्यापासून हातभर अंतरावर. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "वो गिरे थे. कूदे नहीं थे. रेलिंग में कमी थी."

"रेलिंग किसने लगवाई?" ताईंनी विचारलं.

"हमने."

"पूरा बोलिए. पीछे सुनाई नहीं दिया."

तो पुन्हा बोलला, जरा मोठ्याने. वकील त्याच्या बाहीला हात लावत होता. ताई उठल्याही नाहीत. "अजून नाही आलं ऐकू," त्या मराठीत म्हणाल्या, आणि त्याला ते समजलं.

त्याला घाम फुटला होता. आमच्यातलंच कोणीतरी म्हणालं, बस हो गया मॅडम, जाने दो अब. ताईंनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. बिल्डरने मान वर केली आणि जवळजवळ ओरडला, "वो गिरे थे. अपनी बेटी को आवाज़ दे रहे थे और गिर गए. ग़लती हमारी थी."

बेटी को आवाज़ दे रहे थे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं बोलायला. निदान मी तरी सांगितलं नव्हतं.

मग मी मागे वळून बघितलं. मागच्या ओळीत एकच माणूस बसलं होतं, ताईंची मुलगी. ती केव्हा येऊन बसली मला कळलं नव्हतं. ती बिल्डरकडे बघत नव्हती. आईच्या अंबाड्याकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "मला ऐकू आलं."

ताई तेव्हा रडल्या.